विश्लेषण : ‘टॉप सर्जरी’ म्हणजे नेमके काय? लहान व्रण म्हणजे चांगली शस्त्रक्रिया, असे असते का?

छातीची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला घरी सोडताना डॉक्टर एक सूचना आवर्जून देतात : पुढचे काही आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. बोरिवली किंवा मुलुंडहून रोज लोकलने ये-जा करणाऱ्याला या एका वाक्याचा अर्थ लगेच कळतो. वरची कडी धरता येणार नाही, बॅग रॅकवर टाकता येणार नाही आणि दादरला गर्दीचा रेटा आला तर तो थेट टाक्यांवर येणार. जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेली, पण स्वतःची ओळख पुरुष अशी असलेली व्यक्ती, म्हणजे पारलिंगी पुरुष, जेव्हा छाती सपाट करून घेण्याचा निर्णय घेते, तेव्हा ऑपरेशन थिएटरमधल्या दोन-चार तासांइतकेच महत्त्व या पुढच्या आठवड्यांना असते. त्याबद्दल बोलले मात्र फार कमी जाते.

शस्त्रक्रियेआधी काय असते?

आधी असतो बाइंडर. छाती दाबून सपाट दिसावी म्हणून घातलेले घट्ट बनियन किंवा तो परवडत नसेल तर औषधाच्या दुकानातले क्रेप बँडेज. टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनने आवाज बदलतो, दाढी येते. पण एकदा वाढलेले स्तन त्याने नाहीसे होत नाहीत. त्यामुळे अनेक जण वर्षानुवर्षे रोज आठ-दहा तास छाती बांधून वावरतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत छाती बांधणाऱ्या १,८०० जणांना त्रासाविषयी विचारले होते. ९७ टक्के जणांनी किमान एक तरी शारीरिक तक्रार सांगितली. सर्वाधिक तक्रारी पाठदुखीच्या आणि अंगात उष्णता साचण्याच्या होत्या. यातले बहुतेक जण परदेशातले. मे महिन्यात घाटकोपर स्थानकाच्या पुलावर हीच पाहणी केली असती तर क्रम कदाचित बदलला असता.

या सवयीचा शस्त्रक्रियेशी थेट संबंध आहे. वर्षानुवर्षे दाबलेली त्वचा सैल पडते आणि कोणते तंत्र वापरायचे, हे मुख्यतः त्वचाच ठरवते.

तंत्र कसे ठरते?

बेल्जियममधील गेंट येथील प्लास्टिक सर्जन मॉनस्ट्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ९२ रुग्णांच्या १८४ शस्त्रक्रियांचा अनुभव मांडला आणि त्यातून तंत्र निवडण्याचा एक नकाशाच तयार केला. स्तनाचा आकार, सैल त्वचा किती आणि तिची लवचिकता किती, या प्रश्नांच्या उत्तरांवरून पाच तंत्रांपैकी एक निवडायचे. आजही जगभर शल्यचिकित्सक याच धर्तीवर विचार करतात. (इंजिनीअरिंगला स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स शिकलेल्यांना हे परिचित वाटेल. ताण काढल्यावर पदार्थ किती मागे येतो, हाच इथलाही मूळ प्रश्न आहे.)

स्तन लहान आणि त्वचा घट्ट असेल, तर स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेने अर्धगोलाकार छेद घेतात आणि तेवढ्या फटीतून ग्रंथी काढतात. व्रण जवळपास दिसत नाही. मात्र उरलेली त्वचा स्वतःहून आक्रसली पाहिजे. त्वचा थोडी जास्त असेल, तर वर्तुळाभोवतीची कड्यासारखी पट्टी कापून बटव्याची नाडी ओढावी तसा टाका घालतात.

स्तन मोठे किंवा त्वचा सैल असेल, तर छातीच्या खालच्या बाजूला दोन आडवे छेद घ्यावे लागतात. ग्रंथी आणि जादा त्वचा काढली जाते. स्तनाग्र वेगळे करून, कापून लहान करून, पुरुषाच्या छातीवर जिथे असते त्या जागी कलम लावावे तसे पुन्हा शिवतात. जवळपास आठवडाभर त्यावर घट्ट ड्रेसिंग राहते, कारण खालून नवा रक्तपुरवठा मिळेपर्यंत ते हलता कामा नये. या तंत्रात दोन लांब व्रण कायमचे राहतात आणि स्तनाग्राची संवेदना बहुतांशी जाते. सावळ्या त्वचेवर कलमाचा रंग ठिकठिकाणी फिका पडू शकतो. व्रण जाड होण्याची, म्हणजे केलॉइडची शक्यताही गोऱ्या त्वचेपेक्षा आपल्याकडे जास्त असते. इंटरनेटवर दिसणारी ‘आधी आणि नंतर’ची बहुतेक छायाचित्रे गोऱ्या रुग्णांची असतात. आपल्यासारख्या त्वचेच्या रुग्णांचे फोटो दाखवा, असे सल्लामसलतीच्या वेळी सांगण्यात संकोच नको.

बहुतेकांना साहजिकच पहिले तंत्र हवे असते. पण हट्टाने लहान छेद घेतला आणि त्वचा आक्रसलीच नाही, तर छातीवर सुरकुत्या आणि फुगवटे राहतात व पुन्हा टेबलावर जावे लागते. लांब व्रण असलेली, पण सपाट आणि दोन्हीकडे सारखी छाती शर्ट घातल्यावर अधिक नैसर्गिक दिसते. तेव्हा ‘व्रण लहान, म्हणून शस्त्रक्रिया चांगली’ हे समीकरण चुकीचे आहे.

निकाल कसे असतात?

गेंटच्याच नोंदींत गुंतागुंतीचे प्रमाण १२.५ टक्के होते. रक्त साकळणे, जंतुसंसर्ग किंवा टाके उसवणे यांमुळे तातडीने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली ती १८४ पैकी ८ वेळा. हे आकडे दिलासा देणारे आहेत. पण त्याच शोधनिबंधातला पुढचा आकडा अनेकांच्या नजरेतून सुटतो : आकार सुधारण्यासाठी ५९ बाजूंवर, म्हणजे ३२ टक्क्यांवर, नंतर आणखी काम करावे लागले. सुमारे एक तृतीयांश! यात जिवाला धोका नसतो. काखेकडचे त्वचेचे टोक कापणे, खोलगट भाग भरणे, असे हे काम असते. तरीही पुन्हा रजा, पुन्हा खर्च आणि पुन्हा घरच्यांना समजावणे आलेच.

समाधानाचे काय? अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णांची पाहणी २०२३ मध्ये ‘जामा सर्जरी’त प्रसिद्ध झाली. १३९ जणांनी उत्तरे दिली. समाधानाचा मध्यांक ५ पैकी ५ आणि पश्चात्तापाचा १०० पैकी ० होता. इतके एकतर्फी निकाल वैद्यकात क्वचित दिसतात. मात्र पात्र रुग्ण २३५ होते. उत्तर न देणारे ४१ टक्के कसे आहेत, हे त्यातून कळत नाही. शिवाय हे एकाच केंद्राचे रुग्ण आहेत. त्यामुळे ‘पश्चात्ताप शून्य’ असा मथळा देणे घाईचे ठरेल. त्या निर्णयाबद्दल खंत बाळगणारे फार थोडे आहेत, एवढे मात्र नक्की म्हणता येते.

कर्करोगाबाबतही एक गैरसमज आहे. कर्करोगासाठी स्तन काढतात तशी ही शस्त्रक्रिया नसते. छाती खड्ड्यासारखी दिसू नये म्हणून थोडी ग्रंथी आणि चरबी मुद्दाम ठेवतात. नेदरलँड्समधील १,२२९ पारलिंगी पुरुषांच्या २०१९ मधील अभ्यासात चौघांना स्तनाचा कर्करोग आढळला. इतर स्त्रियांच्या तुलनेत हे प्रमाण बरेच कमी असले तरी शून्य नाही. घरात आई, मावशी किंवा बहिणीला हा आजार झाला असेल तर ते शस्त्रक्रियेआधी सांगायलाच हवे.

मुंबईत कायदा काय सांगतो?

लिंगबदल म्हटले की मराठी वाचकाला बीडचे पोलीस कर्मचारी ललित साळवे आठवतात. रजा नाकारल्यानंतर ते २०१७ मध्ये उच्च न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. ती शस्त्रक्रिया वेगळी होती, पण रजेचा प्रश्न तोच. त्याआधी, मे २०१२ मध्ये, आई-वडिलांच्या विरोधामुळे शस्त्रक्रिया अडलेल्या आसामच्या २१ वर्षीय व्यक्तीच्या याचिकेवर सज्ञान व्यक्तीला अशी शस्त्रक्रिया करण्यापासून रोखणारा कायदा नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते.

२०१९ च्या पारलिंगी व्यक्ती कायद्याने सरकारी रुग्णालयांत अशा शस्त्रक्रियांची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. २०२० च्या नियमांनुसार ओळखपत्र देण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आले. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या रहिवाशांसाठी ते कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. हे ओळखपत्र असलेल्यांसाठी २०२२ मध्ये केंद्राने वर्षाला ५ लाख रुपयांच्या आरोग्य संरक्षणाची योजना जाहीर केली. वैद्यकीय बाजूने सज्ञान रुग्णासाठी मानसिक आरोग्य तज्ज्ञाचे पत्र लागते. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्यासाठी एक पत्र पुरेसे आहे.

डॉक्टरांना काय विचारावे?

उपनगरांतल्या कॉस्मेटिक क्लिनिकच्या पाट्यांवर ‘गायनेकोमास्टिया’ हा शब्द सर्रास दिसतो. पुरुषांची वाढलेली छाती कमी करण्याची ती शस्त्रक्रिया. कौशल्य मिळतेजुळते आहे, पण एक नाही. पुरुषांमध्ये सहसा जादा त्वचा आणि मोठे स्तनाग्र हे प्रश्न नसतात. म्हणून ‘अशा किती केल्या’ असे मोघम न विचारता ‘पारलिंगी पुरुषांच्या किती केल्या आणि त्यातल्या किती जणांना पुन्हा बोलवावे लागले’ असे विचारावे.

तंबाखू किमान चार आठवडे आधी बंद हवी. सिगारेटच नव्हे, गुटखा आणि मिश्रीही. निकोटीनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि शिवलेले स्तनाग्र जगत नाही. पहिले दोन दिवस रुग्णालयाच्या जवळ राहणे चांगले. एकाच बाजूला अचानक सूज आणि ताण वाढला, तर ते रक्त साकळल्याचे लक्षण असते आणि तेव्हा सकाळची वाट पाहायची नसते. नळ्या काढेपर्यंत घरात सोबत कोणीतरी हवे. रूममेटला खरे कारण सांगायचे नसेल, तर ‘छातीतली गाठ काढली’ एवढे पुरते. टाके सुकेपर्यंत लोकल टाळावी. नाइलाज असेल तर गर्दीची वेळ सोडून, बसायला जागा मिळेल अशी गाडी पकडावी. आणि पैसे भरण्याआधी, दुसऱ्या वेळी करावी लागणारी दुरुस्ती पॅकेजमध्ये धरली आहे का आणि किती महिन्यांपर्यंत, हे लेखी घ्यावे.