म्हातारा कुत्रा पुन्हा चालू शकतो

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांत दाराशी वाढलेला कुत्रा मागचे पाय ओढू लागला की आपण म्हणतो, "वय झालं त्याचं." पण अनेकदा ती सांधेदुखी असते, आणि नुसते पडून राहिल्याने पाय आणखी गळतात.

आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे. मध्य रेल्वेवरच परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे. घरातली ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी देऊ नये. कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

डॉक्टरांनी चालवायला सांगितले, तर लादीवर गोणपाट अंथरावे, म्हणजे पाय घसरत नाहीत. पोटाखालून जुन्या ओढणीची झोळी धरून दिवसातून ३-४ वेळा ५-५ मिनिटे चालवावे. दुखले तर थांबावे. उठताच येत नसेल तर दर ३-४ तासांनी कूस बदलावी. वजन जास्त असेल तर खाणे कमी करावे.

दुखणारा कुत्रा घरच्यांनाही चावतो. चावल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. पाय अचानक गेले, लाळ गळू लागली, आवाज बदलला, तर हात लावू नये; रेबीज असू शकतो.

आम्ही एवढेच सांगतो: घाई नको, पण रोज थोडे चालवणे चुकवू नका.