दाराबाहेर थांबलेली मदत

२० एप्रिल १९९९. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये सकाळी ११ वाजून १९ मिनिटांनी दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार सुरू केला. मुलांना बाहेर काढता काढता शिक्षक डेव्ह सँडर्स यांना गोळ्या लागल्या. त्यांना विज्ञानाच्या वर्गात नेण्यात आले. मुलांनी अंगातले शर्ट काढून जखमांवर दाबून धरले आणि इथे एक जण रक्त वाहून मरतो आहे, असा फलक खिडकीत लावला. दुपारी बाराच्या सुमारास दोन्ही हल्लेखोरांनी स्वतःला संपवले होते. तरीही पोलिसांची विशेष तुकडी सँडर्स यांच्यापर्यंत पोहोचली ती अडीच वाजून गेल्यावर. रुग्णालयात पोहोचण्याआधीच त्यांचा मृत्यू झाला.

शाळेबाहेर पोलीस होते, रुग्णवाहिकाही होत्या. मदत अडली ती एका नियमामुळे. पोलिसांनी परिसराला वेढा घालायचा, विशेष तुकडीची वाट पाहायची, तिने एकेक खोली तपासायची आणि सगळे सुरक्षित असल्याचा निरोप आल्यावरच वैद्यकीय पथकाने आत जायचे, अशी ती पद्धत होती. तिच्यामागे भित्रेपणा नव्हता. निःशस्त्र आरोग्यसेवकाला गोळीबारात पाठवले, तर जखमींत आणखी एकाची भर पडेल, हा विचार रास्तच होता. पण मोठी रक्तवाहिनी फाटलेल्या माणसाकडे जेमतेम काही मिनिटे असतात. इमारतीतली प्रत्येक खोली तपासून होईपर्यंत तो टिकत नाही.

कोलंबाइननंतर अमेरिकी पोलिसांनी पद्धत बदलली. सर्वांत आधी पोहोचलेल्या शिपायांनी विशेष तुकडीसाठी न थांबता आत शिरावे, असे प्रशिक्षण सुरू झाले. वैद्यकीय मदत मात्र बहुतेक ठिकाणी जुन्याच रांगेत उभी राहिली. वेगळे काय करता येते, ते १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेकमध्ये दिसले. तिथे ३२ जणांचे प्राण गेले, पण पोलिसांच्या तुकडीबरोबरच प्रशिक्षित आरोग्यसेवक नॉरिस हॉलमध्ये शिरले आणि कोणाला आधी बाहेर न्यायचे हे त्यांनी तिथेच ठरवले.

पुढच्याच वर्षी हा प्रश्न मुंबईच्या दारात आला.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्थानकात दोन दहशतवाद्यांनी प्रवाशांवर बेछूट गोळीबार केला. पन्नासहून अधिक लोक मारले गेले, शंभराच्या आसपास जखमी झाले. सेंट जॉर्ज रुग्णालय स्थानकाला लागूनच आणि जीटी रुग्णालयही जवळ, म्हणून कित्येकांना वेळेत टेबलावर घेता आले. फलाटावरून त्यांना उचलले ते सहप्रवाशांनी, रेल्वे कर्मचाऱ्यांनी आणि पोलिसांनी. सामानाच्या हातगाड्या त्या रात्री स्ट्रेचर झाल्या. तिथून दहशतवादी वळले ते थेट कामा रुग्णालयाकडे. जिथे उपचार व्हायचे, ती इमारतच हल्ल्याखाली आली. तिथल्या परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गर्भवतींना वॉर्डातून हलवून एका छोट्या खोलीत सुरक्षित ठेवले.

कामा रुग्णालयाच्या मागच्या रंगभवनच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर या पोलीस अधिकाऱ्यांच्या गाडीवर हल्ला झाला. रुग्णालये हाकेच्या अंतरावर असताना या तिघांपर्यंत मदत इतक्या उशिरा का पोहोचली, हा प्रश्न अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी लावून धरला. माहितीच्या अधिकारात पोलीस नियंत्रण कक्षाच्या नोंदी मिळवून त्यांनी ‘टू द लास्ट बुलेट’ या पुस्तकात त्या रात्रीचा मिनिटामिनिटाचा हिशेब मांडायचा प्रयत्न केला. हल्ल्यानंतर शस्त्रांची, कमांडोंची, बुलेटप्रूफ जॅकेटांची चर्चा महाराष्ट्रात खूप झाली. जखमीपर्यंत पोहोचायला किती मिनिटे लागली, या प्रश्नाला त्या मानाने फार थोडी जागा मिळाली.

जखमीपर्यंत वेळेत कसे पोहोचायचे, याचे उत्तर आले युद्धभूमीवरून. इराक आणि अफगाणिस्तानात अमेरिकी लष्कराने प्रत्येक जवानाला टूर्निके, म्हणजे हातापायाला करकचून बांधून रक्त थांबवणारा पट्टा, दिला आणि तो वापरायला शिकवले. त्यातून अनेक जीव वाचले. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत २० लहान मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेल्यावर शल्यविशारद लेनवर्थ जेकब्स यांच्या पुढाकाराने एप्रिल २०१३ मध्ये हार्टफर्डला डॉक्टर, पोलीस, अग्निशमन दल आणि लष्करी तज्ज्ञ एकत्र बसले. हल्लेखोराला रोखणे आणि रक्तस्राव थांबवणे ही कामे एकापाठोपाठ नव्हे, एकाच वेळी व्हायला हवीत, असे त्यांनी मांडले. व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन काउंटीत त्याआधीच तसे पथक उभे राहिले होते. गोळीबार पुढे सरकला, पण धोका पुरता टळलेला नाही, अशा भागात चिलखत घातलेले आरोग्यसेवक सशस्त्र पोलिसांच्या संरक्षणात जातात, रक्त थांबवतात आणि जखमीला बाहेर काढतात. २०१५ मध्ये सामान्य नागरिकांना हे कौशल्य शिकवणारी ‘स्टॉप द ब्लीड’ मोहीमही सुरू झाली.

कागदावर उत्तर तयार होते. १२ जून २०१६ च्या पहाटे ऑर्लँडोच्या पल्स नाइटक्लबमध्ये ते कागदावरच राहिले. रात्री दोन वाजता सुरू झालेला गोळीबाराचा प्रकार संपायला पहाटेचे पाच वाजून गेले. ४९ जण दगावले. मोठे ट्रॉमा रुग्णालय तिथून अगदी जवळ होते, पण आरोग्यसेवकांना आत पाठवण्यात आले नाही. कित्येक जखमींना पोलिसांनीच आपल्या पिकअप ट्रकमधून नेले. शहराच्या अग्निशमन दलाने अशा प्रसंगासाठी चिलखते घेतली होती आणि धोरणाचा मसुदाही केला होता. चिलखते वापरात आली नव्हती, मसुदा मंजूर झाला नव्हता. पुढे शवविच्छेदन अहवालांच्या अभ्यासातून निष्कर्ष निघाला की वेळेत उपचार मिळाले असते तर ४९ पैकी १६ जण वाचण्याची शक्यता होती.

इंग्लंडमधल्या मँचेस्टरची कहाणीही त्याच जातीची. २२ मे २०१७ रोजी तिथल्या अरीना सभागृहाबाहेर बॉम्बस्फोट झाला. बंदूकधारी मोकाट असावेत या शंकेने यंत्रणा थबकल्या. अग्निशमन दल दोन तासांहून अधिक उशिरा पोहोचले. जखमी पडले होते त्या दालनात फक्त तीन पॅरामेडिक गेले. लोकांनी जाहिरातीच्या फलकांवर घालून माणसे खाली आणली. सर जॉन सॉन्डर्स यांच्या चौकशी अहवालाने २०२२ मध्ये नमूद केले की नीट मदत मिळाली असती तर २२ मृतांपैकी एक जण बहुधा वाचला असता.

२४ मे २०२२ रोजी टेक्सासच्या युवाल्डीतल्या शाळेत झालेल्या गोळीबारात तर कोलंबाइननंतरचा पहिला धडाही पुसला गेला. ३७६ पोलीस जमले, आतली मुले फोन करून मदत मागत होती, आणि हल्लेखोराला संपवायला ७७ मिनिटे गेली. १९ मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. त्यांतल्या तिघांना बाहेर आणले तेव्हा नाडी चालू होती. पोलिसांच्याच गाड्यांनी रुग्णवाहिकांची वाट अडली होती.

या काळाचा निकाल स्पष्ट आहे. ज्ञान होते, साधने होती, बहुतेक ठिकाणी रुग्णालयही जवळ होते. कमी पडला तो एकत्र सराव आणि घटनास्थळी निर्णय घेणारा एक माणूस. ज्यांनी पोलिसांबरोबर आत शिरण्याची तालीम केली होती ते आत शिरले. ज्यांनी नियम फक्त वाचला होता ते बाहेर थांबले.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. २६/११ च्या रात्री ती नव्हती. पण नुसत्या रुग्णवाहिकेने भागत नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी काश्मीरमधल्या पहलगामच्या बैसरन पठारावर दहशतवादी हल्ल्यात २६ जण मारले गेले, त्यांत महाराष्ट्रातलेही होते. मोटार जाईल असा रस्ता नसलेल्या त्या जागेवरून जखमींना खाली आणायला स्थानिक घोडेवालेच धावले. पहिली मदत आजही जवळच्या माणसाचीच असते. म्हणून सीएसएमटी, दादर, पुणे स्थानकावर पुढचे मॉक ड्रिल होईल तेव्हा त्यात १०८ चे डॉक्टर, जवळचे रुग्णालय आणि फलाटावरचे हमालही असू द्यावेत. पहिल्या जखमीचे रक्त कितव्या मिनिटाला थांबले, याची नोंद ठेवावी आणि ती जाहीर करावी. प्रत्येक पोलीस शिपायाच्या पट्ट्याला एक टूर्निके असावा आणि तो बांधता यावा. ही मागणी मुंबईने २००८ मध्येच करायला हवी होती. आता ती करण्यात आणखी वेळ घालवू नये.