इलेक्ट्रॉनिक लॉगबुकमधील नेहमीच्या अडचणी व त्यांचे निराकरण : मोहोपाडा-पाताळगंगा औद्योगिक परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील मोहोपाडा हे गाव पाताळगंगा नदीच्या खोऱ्यात, रसायनी औद्योगिक परिसराला लागून वसलेले आहे. सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या १९६० साली स्थापन झालेल्या कंपनीचा कारखाना येथे उभा राहिला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या पाताळगंगा क्षेत्रात पॉलिएस्टर, औषधे व विविध रसायने यांचे कारखाने आले. परिसरातील महाविद्यालयांतून रसायनशास्त्राची पदवी घेणारे अनेक विद्यार्थी याच कारखान्यांत पाळीवर रुजू होतात आणि पहिल्याच दिवशी त्यांच्यासमोर येते ते लॉगबुक. पूर्वी ते जाड पुठ्ठ्याचे रजिस्टर असे. आता अनेक ठिकाणी ते संगणकाच्या पडद्यावर असते.

कोणत्या पाळीत कोणी कोणते यंत्र चालविले, कोणता व्हॉल्व्ह केव्हा उघडला, तापमान किती होते, यंत्र केव्हा स्वच्छ केले याची क्रमवार नोंद म्हणजे लॉगबुक होय. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. पेशवेकालीन रोजकीर्दीत दिवसाच्या क्रमाने जमाखर्च मांडला जात असे आणि नोंदीचा विश्वास त्या क्रमावरच उभा होता. इलेक्ट्रॉनिक लॉगबुकात क्रम, वेळ व नाव या तिन्ही गोष्टी यंत्राकडे सोपविल्या जातात. म्हणून त्यात बिघाड झाला की तो केवळ संगणकाचा बिघाड राहत नाही. दुर्दैवाने त्याची दुरुस्ती बहुधा छपाईयंत्राच्या दुरुस्तीप्रमाणेच केली जाते : बंद करा, चालू करा, जमले नाही तर कंपनीच्या माणसाला बोलवा. या घाईत बिघाडाबरोबर त्याचा पुरावाही नाहीसा होतो. निदान प्रथम, दुरुस्ती नंतर, आणि दुरुस्ती करताना जुन्या नोंदीला हात लावावयाचा नाही, या सूत्राने नेहमीच्या अडचणींचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नोंदीचे मोल :

२३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी येथील बीपी कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन १५ कामगार मृत्युमुखी पडले व १८० जण जखमी झाले. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने २००७ मध्ये दिलेल्या अहवालात अनेक कारणे नमूद केली. त्यांतील एक असे की, रात्रपाळीने लॉगबुकात केलेली नोंद अवघ्या एका ओळीची होती. मनोऱ्यात द्रव किती भरला आहे व पुढे काय करावयाचे आहे, हे तीवरून दिवसपाळीला कळत नव्हते. दिवसपाळीने मनोरा भरणे सुरूच ठेवले. न लिहिलेली गोष्ट कोणतेही सॉफ्टवेअर लिहून देणार नाही, हे उघड आहे. परंतु लिहिलेली गोष्ट चुकीच्या वेळेला वा चुकीच्या नावावर दाखविणारे सॉफ्टवेअर तितकेच घातक ठरू शकते.

औषधनिर्मितीत या विषयाला नियमांची चौकट आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा '२१ सीएफआर भाग ११' हा नियम १९९७ पासून लागू आहे आणि तेथे माल निर्यात करणाऱ्या भारतीय कारखान्यांना तो पाळावा लागतो. नोंद कोणाची ते कळावे, ती वाचता यावी, घटनेच्या वेळीच केलेली असावी, मूळ असावी व अचूक असावी, ही पाच लक्षणे 'अल्कोआ' या आद्याक्षरी नावाने उद्योगात परिचित आहेत. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ४ ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता दिली असून कलम ७ मध्ये ती जतन करण्याच्या अटी दिल्या आहेत.

घड्याळाचे दोष :

सर्वाधिक आढळणारी आणि सर्वाधिक दुर्लक्षित अडचण वेळेची आहे. वेळ चुकली एवढे म्हणून भागत नाही. ती कशी चुकली हे पाहिले की कारण बहुतेक वेळा आपोआप समजते.

फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर घड्याळ बरोबर आहे, रूपांतर चुकले आहे. बरीच सॉफ्टवेअर वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवितात आणि दाखविताना भारतीय प्रमाणवेळेत बदलतात. अहवाल तयार करणाऱ्या भागात हा बदल राहून गेला, तर १२ तारखेच्या पहाटे २.१५ ची नोंद ११ तारखेच्या रात्री ८.४५ ला दिसते. म्हणजे रात्रपाळीचे काम दुसऱ्या पाळीच्या नावावर जाते, तेही आदल्या दिवशी. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या काळातील नोंदींचीच तारीख बदलते व इतर नोंदींची केवळ वेळ बदलते. त्यामुळे तारखेवारी अहवाल पाहणाऱ्या दिवसपाळीच्या अधिकाऱ्याला हा दोष सहसा दिसतच नाही.

तारखांचा गोंधळ महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांपुरताच असेल तर तो मांडणीचा दोष होय. अमेरिकी पद्धतीत महिना आधी लिहितात. ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे, हे यंत्राला कळत नाही. तेराव्या तारखेपासून संदिग्धता संपते आणि बिघाड 'आपोआप बरा' होतो. पुढील महिन्यात तो पुन्हा उद्भवतो. महिना अक्षरी लिहिण्याची सक्ती केल्यास हा प्रश्न मुळातूनच मिटतो.

संगणक सुरू करताच तारीख एकदम कित्येक वर्षे मागे गेली, तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टची बॅटरी संपली, असे समजावे. फरक हळूहळू वाढत असेल तर ते क्वार्ट्झ घड्याळाचे स्वाभाविक सरकणे होय. दशलक्षात २० भाग ही चूक अशा घड्याळात नवलाची नाही. ती दिवसाला सुमारे १.७ सेकंद, महिन्याला जवळपास ५० सेकंद आणि वर्षाला दहा मिनिटांहून थोडी अधिक होते. दोन संगणक विरुद्ध दिशांना सरकले तर वर्षाअखेर त्यांत वीस मिनिटांचे अंतर पडू शकते.

हे अंतर कोणाच्या अंगावर येते, हे पाहणे आवश्यक आहे. समजा, रिअ‍ॅक्टरच्या नियंत्रण प्रणालीत तापमानाचा इशारा रात्री २.१० ला नोंदला गेला आणि लॉगबुकात शीतकाचा व्हॉल्व्ह उघडल्याची नोंद २.१४ ला आहे. कागदावर ऑपरेटरला चार मिनिटे उशीर झाला. परंतु लॉगबुकाचा संगणक सहा मिनिटे पुढे असेल तर व्हॉल्व्ह २.०८ ला, म्हणजे इशाऱ्यापूर्वीच उघडला गेला होता. चौकशीपूर्वी कोणी सद्हेतूनेही घड्याळ 'नीट' केले आणि आधीचे अंतर मोजून ठेवले नाही, तर या कामगाराजवळ आपली बाजू मांडण्यास काहीही उरत नाही. यास्तव क्रम असा असावा : दोन्ही घड्याळे एकाच वेळी पाहावीत, अंतर लिहून साक्षीदाराची सही घ्यावी, मगच वेळ दुरुस्त करावी, जुन्या नोंदींच्या वेळा मात्र बदलू नयेत, त्यांना हे टिपण जोडावे.

कायमचा उपाय म्हणजे सर्व संगणकांची वेळ एका स्रोताशी जोडणे. 'सर्ट-इन'ने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या प्रणालींची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या वा नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, मिळवून ठेवणे अपेक्षित आहे. शिवाय नोंदीवर पडणारी वेळ सर्व्हरची असावी, ऑपरेटरच्या संगणकाची नव्हे; आणि विंडोजमधील वेळ बदलण्याचा अधिकार सामान्य वापरकर्त्यास नसावा.

नाव कोणाचे? :

दुसरी मोठी अडचण सामायिक लॉगिनची आहे. 'ऑपरेटर १' या नावाने तिन्ही पाळ्या काम करतात आणि पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटविलेला असतो. याला कामगारांची बेशिस्त म्हणण्याचा प्रघात आहे. तो बहुधा अन्यायकारक असतो. सॉफ्टवेअरचा परवाना माणशी विकत घ्यावयाचा असेल तर कंत्राटी कामगारांसाठी तो घेतलाच जात नाही. परवाना असला तरी नव्या माणसाचे खाते तयार होण्यास दिवस लागतात आणि पाळी मात्र आजच असते. तीन वेळा चुकीचा पासवर्ड पडल्याने खाते बंद झाले, तर ते उघडून देणारा अधिकारी रात्री दोन वाजता उपलब्ध नसतो. हातमोजे घालून गुंतागुंतीचा पासवर्ड टाकणे हीही एक परीक्षाच. निराकरण येथे संगणकात कमी आणि कार्यालयात अधिक आहे : प्रवेशपत्रासोबतच खाते देणे, रात्रपाळीच्या शिफ्ट इनचार्जला खाते उघडण्याचा मर्यादित अधिकार देणे, ओळखपत्र टेकवून लॉगिन होण्याची सोय करणे.

आपोआप लॉगआउट होण्याचा कालावधी हा याच प्रश्नाचा तांत्रिक भाग. तो फार मोठा ठेवल्यास पाळी बदलल्यावरही आधीच्याच माणसाच्या नावावर नोंदी पडत राहतात. फार लहान ठेवल्यास त्रासून लोक एकमेकांचे लॉगिन वापरू लागतात. प्रत्यक्ष कामाचा वेग पाहून तो ठरवावा लागतो.

याहून सूक्ष्म दोष म्हणजे नोकरी सोडलेल्या माणसाचे खाते नाव बदलून नव्या माणसाला देणे. काही सॉफ्टवेअर नोंदीसोबत केवळ खात्याचा क्रमांक साठवितात व नाव दाखविताना आजच्या यादीतून घेतात. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या नोंदींवर काल रुजू झालेल्या मुलाचे नाव झळकते. इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी एकाच व्यक्तीची असावी व ती दुसऱ्यास देऊ नये, असे भाग ११ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. जुने खाते निष्क्रिय करावे. पुसू नये, वापरूही नये.

अक्षर व अंक :

शेरा मराठीत लिहिण्याची मुभा असलेल्या ठिकाणी अक्षरे बिघडल्याची तक्रार येते. पडद्यावर चौकटी दिसत असतील तर त्या संगणकावर देवनागरी फॉन्ट नाही. मजकूर सुरक्षित आहे. विचित्र लॅटिन अक्षरांची रांग दिसत असेल तर संकेतप्रणाली जुळलेली नाही, किंवा मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लिहिलेला आहे. तो बहुधा परत मिळविता येतो. मात्र साठविलेल्या मजकुरातच ओळीने प्रश्नचिन्हे असतील तर डेटाबेसचा रकाना युनिकोडसाठी नव्हता आणि मूळ अक्षरे साठविताना कायमची गेली. हा शेवटचा प्रकार त्याच दिवशी थांबविणे अगत्याचे आहे. संख्येच्या रकान्यात देवनागरी अंक टाकल्यास काही सॉफ्टवेअर ती नोंद नाकारतात, हेही येथे नमूद करावयास हवे.

एक्सेलमध्ये नोंदी उतरवून घेताना वेगळीच गंमत होते. सल्फर डायऑक्साइडचा सीएएस क्रमांक ७४४६-०९-५ असा आहे. एक्सेल त्यास इसवी सन ७४४६ मधील सप्टेंबरची ५ तारीख समजते. ०००४५७ या बॅच क्रमांकातील शून्ये गळतात आणि १२ई०५ हा बॅच क्रमांक बारा लाख ही संख्या बनतो. मूळ लॉगबुक येथे निर्दोष असते. दोष प्रतीत असतो. तो टाळण्यासाठी फाइल उघडण्यापूर्वी संबंधित रकाने 'मजकूर' म्हणून आयात करावेत.

साठवण व जोडणी :

नोंद 'सेव्ह' होत नाही आणि वाचता मात्र येते, असे झाल्यास प्रथम जागा तपासावी. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसच्या २००८ आर२ ते २०२२ या मोफत आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारे ऑडिट ट्रेल सतत वाढत असल्याने ती कधीतरी गाठली जाते. अशा वेळी 'वेग वाढावा म्हणून' ऑडिट ट्रेल बंद करणे वा रिकामे करणे हा उपाय सुचविला जातो. तो कदापि स्वीकारू नये.

पावसाळ्यात वीज व नेटवर्क खंडित होणे या परिसराला नवे नाही. टॅबलेटवर केलेल्या नोंदी जोडणी परत आल्यावर सर्व्हरवर जातात; तेव्हा नोंद केल्याची वेळ व पोहोचल्याची वेळ अशा दोन्ही वेळा जपल्या जातात की नाही, हे खरेदीपूर्वीच विचारावे. पूर्ण प्रणालीच बंद पडल्यास क्रमांकित कोरी पाने हाताशी असावीत आणि नंतर टंकलिखित केलेली नोंद 'विलंबित' म्हणून, मूळ पानाच्या क्रमांकासह करावी.

दुरुस्तीची दुरुस्ती :

कागदावर चुकलेला आकडा एका रेषेने खोडून शेजारी नवा आकडा, सही व तारीख लिहिली जात असे. खालचा आकडा वाचता येई. सॉफ्टवेअरमध्येही जुनी किंमत, नवी किंमत, कारण व नाव ही चारही दिसली पाहिजेत. सर्वांत वाईट दुरुस्ती म्हणजे विक्रेत्याच्या अभियंत्याने दूरवरून थेट डेटाबेसमध्ये शिरून आकडा बदलणे. ऑडिट ट्रेल सॉफ्टवेअरच्या पातळीवर चालत असेल तर हा बदल त्यात उमटतच नाही. बॅकअपवरून डेटाबेस परत आणतानाही मधल्या काळातील नोंदी पुसल्या जातात; म्हणून बिघडलेल्या डेटाबेसची प्रत आधी वेगळी काढावी. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ याच्या कलम ६३ नुसार १ जुलै २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात सादर करताना प्रमाणपत्रात 'हॅश' मूल्य द्यावे लागते. ती प्रत काढतानाच हे मूल्य नोंदविल्यास पुढील वाद टळतात.

मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंदुस्थान ऑरगॅनिकची रसायनी येथील संयंत्रे बंद करण्यास मंजुरी दिली; केवळ अग्निबाणांच्या इंधनासोबत ऑक्सिडीकारक म्हणून लागणाऱ्या नायट्रोजन टेट्रॉक्साइडचे संयंत्र इस्रोकडे सोपविण्याचे ठरले. कारखाने बंद होतात, हस्तांतरित होतात, हे मोहोपाड्याने पाहिले आहे. यंत्र दुसऱ्याच्या हाती जाताना त्याचा इतिहासही जावा लागतो. कागदी रजिस्टरे ट्रकमधून जाऊ शकतात. परवाना संपल्यावर न उघडणारे लॉगबुक कोठेच जात नाही. म्हणून वर्षातून एकदा सर्व नोंदी, ऑडिट ट्रेलसह, सॉफ्टवेअरविना वाचता येतील अशा पीडीएफ-ए व साध्या मजकुराच्या स्वरूपात काढून घ्याव्यात आणि त्या दुसऱ्या संगणकावर खरोखर उघडतात का, हे पाहावे.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत यांपैकी बहुतेक गोष्टी खर्चाविना शिकविता येतात. स्पेक्ट्रोफोटोमीटरला जोडलेल्या संगणकावर प्रत्येक विद्यार्थ्याचे वेगळे खाते उघडावे आणि दर सोमवारी पहिल्या प्रात्यक्षिकापूर्वी त्या संगणकाची वेळ प्रमाणवेळेशी ताडून अंतर रजिस्टरात लिहिण्याचे काम विद्यार्थ्यांकडे पाळीपाळीने द्यावे. एका सत्रात अठरा-वीस आकडे जमतात. त्यांचा आलेख काढला की घड्याळ कोणत्या वेगाने सरकते, ते विद्यार्थ्यांना स्वतःलाच दिसते.