पहिला कॅमेरा घेताय? बॉडीआधी लेन्सचा हिशेब करा
सारस टिपायचा, तर सगळे पैसे बॉडीत घालून चालत नाही. 'सिस्टीम' निवडताना काय पाहावे?

गोंदिया : परसवाड्याचा तलाव असो की नवेगावबांध, समोर सारसाची जोडी दिसली की हात आधी मोबाइलकडे जातो. फोटोत मात्र पक्षी ठिपक्याएवढा येतो. मग कॅमेरा घ्यायचे ठरते आणि बहुतेकांची चूक इथेच होते. साठवलेले पैसे महागड्या बॉडीत जातात, लेन्ससाठी काहीच उरत नाही.

५५ मिमी की ३०० मिमी?
सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. साधारण पाच फुटी सारस १०० मीटरवर उभा आहे, असे धरू. क्रॉप सेन्सर कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ मिमी किट लेन्सने आडव्या चौकटीत सुमारे २८ मीटर उंचीचा भाग येतो. त्यात सारस जेमतेम एकोणिसावा हिस्सा व्यापतो. ३०० मिमी लेन्सने हीच उंची सव्वापाच मीटरवर येते आणि पक्षी चौकटीचा पाव हिस्सा ओलांडतो. बॉडी तीच, फरक लेन्सचा.

सेन्सरचे गणित
निकॉन, सोनीच्या क्रॉप सेन्सरवर ३०० मिमी लेन्स फुल फ्रेमवरील ४५० मिमीसारखे दृश्य देते, कॅननच्या क्रॉप सेन्सरवर ४८० आणि मायक्रो फोर थर्ड्सवर ६००. म्हणून पक्ष्यांसाठी लहान सेन्सर स्वस्तात पडतो. पहाटेच्या अंधूक उजेडात मात्र फुल फ्रेम सरस ठरतो.

माउंट म्हणजे सोयरीक
बॉडीला लेन्स जिथे बसते तो माउंट. एका कंपनीची लेन्स दुसरीच्या बॉडीवर सहसा थेट बसत नाही. बॉडी काही वर्षांनी बदलते, लेन्स मात्र वर्षानुवर्षे टिकते. त्यामुळे पहिली खरेदी पुढच्या सगळ्या खरेदीची दिशा ठरवते.
कॅननचा आरएफ आणि निकॉनचा झेड हे मिररलेस माउंट २०१८ मध्ये आले. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स अडॅप्टरने आरएफवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या मोटर नसलेल्या जुन्या लेन्सना एफटीझेड अडॅप्टरवर हाताने फोकस करावा लागतो.

जुना घेतला तर?
बजेट कमी असेल, तर जुना डीएसएलआर आणि ७०-३०० मिमी लेन्स ही जोडी शिकायला पुरेशी आहे. घेताना हे पाहा :
• शटर किती वेळा उडाले आहे?
• लेन्समधून टॉर्च मारल्यावर बुरशीचे जाळे दिसते का?
• ऑटोफोकस दूरवर आणि जवळ, दोन्हीकडे बसतो का?
• लेन्समध्ये किंवा बॉडीत स्थिरीकरण आहे का?
तलावांच्या या जिल्ह्यात पावसाळ्यातील दमटपणा लेन्सचा शत्रू. हवाबंद डबा आणि सिलिका जेलचा खर्च आधीच धरावा.

खरेदीचा क्रम
आधी विषय, मग लेन्स, मग माउंट आणि शेवटी बॉडी. शक्य असल्यास मित्राचा कॅमेरा एक दिवस वापरून बघावा. वजन खांद्यालाच कळते.
लांब लेन्सचा आणखी एक फायदा सारसालाही होतो. पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत, तलावाकाठी घरटे करतो. माणूस जवळ गेला की जोडी अंडी सोडून उठते. ३०० मिमी हाती असेल, तर बांधावरूनच फोटो मिळतो आणि घरटेही शाबूत राहते.