विजेची गाडी परवडते, पण कुणाला?

मोटारींच्या शोरूममध्ये शिरलेल्या कुटुंबासमोर हल्ली दोन किमती ठेवल्या जातात. एकाच आकाराच्या, दिसायला जवळपास सारख्या दोन गाड्या. पेट्रोलची नऊ लाखांना, विजेची तेरा लाखांना. चार लाखांचा फरक ऐकून घरातली मोठी माणसे मान हलवतात. मग विक्रेता हळूच सांगतो, "ही किलोमीटरला रुपया-सव्वा रुपयात पळते." घरी परतल्यावर मुलगा रुपया-सव्वा रुपयाचे तुणतुणे लावतो आणि वडील चार लाखांचे. दोघेही अर्धाच हिशेब मांडत असतात.

पेट्रोलची बाजू सोपी. मुंबईत पेट्रोलने २०२१ च्या मे महिन्यात शंभरी ओलांडली. हिशेबासाठी लिटरला १०४ रुपये आणि शहरातल्या गर्दीत १५ किलोमीटरचे ॲव्हरेज धरले, तर किलोमीटरला साधारण सात रुपये पडतात. कंपनीच्या पत्रकातले २० चे ॲव्हरेज सिग्नलवर थांबणाऱ्या गाडीला मिळत नाही.

वीज इतकी स्वस्त का पडते, यामागे शास्त्र आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातली ढोबळमानाने चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचवते. उरलेली उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते. माणसाचे स्नायूही फार वेगळे नाहीत. जिना चढताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी वीस-पंचवीस टक्केच प्रत्यक्ष कामी येते, बाकीची अंग तापवते आणि घाम काढते. विजेची मोटर मात्र बॅटरीतल्या ऊर्जेपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक चाकांना देते. शिवाय ब्रेक लावताना गाडीच्या गतीतून काही वीज परत बॅटरीत भरते, आणि सिग्नलवर उभी असताना मोटर काहीच खात नाही. म्हणून गर्दीचे शहर, जिथे पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज ढासळते, तिथेच विजेची गाडी सर्वांत काटकसरी ठरते. महामार्गावर शंभरच्या वेगाने हवेशी झगडताना तिची बॅटरी भराभर उतरते.

आता घरच्या प्लगकडे. मध्यम आकाराची गाडी बॅटरीतल्या एका युनिटवर साधारण सात किलोमीटर जाते. चार्ज करताना थोडी वीज वाया जाते, ती धरली तर वीजबिलातल्या एका युनिटमागे सहा. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याच्या बिलात त्यामुळे १६५ च्या आसपास युनिट वाढतात. विक्रेत्याचा रुपया-सव्वा रुपया इथेच अडखळतो. महावितरणचा घरगुती दर सपाट नाही, तो पायऱ्यांचा आहे: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा आणि त्यापुढे चौथा. घरात पंखे, फ्रीज, टीव्ही मिळून १५० युनिट आधीच जळत असतात. गाडी येते ती त्यांच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या पायरीवर. गेल्या दोन-तीन वर्षांच्या दरांनुसार वहन आकार आणि वीज शुल्कासह दुसऱ्या पायरीवरचे युनिट बारा-तेरा रुपयांना पडते. घरात एसी असेल आणि बिल आधीच ३०० युनिटला टेकलेले असेल, तर गाडीचे प्रत्येक युनिट सोळा ते अठरा रुपयांचे. म्हणजे किलोमीटरचा खर्च साधारण घरात सव्वादोन रुपयांच्या आत, एसीच्या घरात तीनच्या जवळ. पेट्रोलच्या निम्म्याहून कमीच, पण रुपया-सव्वा रुपया नव्हे. वाहन चार्जिंगसाठी दरपत्रकात वेगळा वर्ग आहे आणि त्याखाली स्वतंत्र मीटर घेता येतो. गाडीची नोंदणी करण्याआधी वीज कार्यालयात एक चक्कर मारण्याचे कष्ट मात्र फार थोडे घेतात. छतावर सोलर असलेल्यांची गोष्टच वेगळी. तीन किलोवॅटचे पॅनेल महिन्याला साडेतीनशेच्या घरात युनिट देते आणि २०२४ पासून त्यावर केंद्राचे ७८ हजारांचे अनुदान आहे. पण त्यासाठी छत स्वतःचे हवे.

राहिले ते चार लाख. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के वाहनकर लागतो; विजेच्या गाडीला तो माफ आहे. नऊ लाखांच्या गाडीवर हा कर ९९ हजारांचा, म्हणजे रस्त्यावर उतरेपर्यंत चारातला एक लाख कमी झाला. थर्ड पार्टी विम्यातही विजेच्या गाडीला १५ टक्के सवलत आहे, पण गाडीची किंमत जास्त असल्याने उरलेला विमा महाग पडतो आणि सवलत त्यात विरून जाते. जीएसटीत पूर्वी मोठी तफावत होती. विजेच्या गाडीवर २०१९ पासून ५ टक्के आणि छोट्या पेट्रोल गाडीवर उपकरासह २९ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाडीचा कर १८ टक्क्यांवर आला. सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने ही चांगलीच बातमी होती; विजेच्या गाडीचे गणित मात्र तेवढे अवघड झाले.

उरलेले तीन लाख बहुतेकांना कर्जानेच उभे करावे लागतात. नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांत त्यांचे पावणेचार लाख होतात. घरी चार्ज करणाऱ्याचे दर किलोमीटरला ४ रुपये ८० पैसे वाचतात. भागाकार केला की आकडा येतो ७८ हजार किलोमीटर. तिथवर जादा पैसे वसूल होत असतात, खरी बचत त्यापुढे. महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरणारा तिथे सव्वातीन वर्षांत पोहोचतो, हजार फिरणारा साडेसहा वर्षांत. आठवड्यातून दोनदा बाजारात आणि महिन्यातून एकदा लेकीकडे जाणारे निवृत्त जोडपे महिन्याला पाचशे किलोमीटर चालवत असेल, तर तेरा वर्षांत. इंजिन ऑइल, फिल्टर, क्लच यांचा खर्च नसल्याने ही मुदत थोडी अलीकडे येते, इतकेच. अशा जोडप्याने "पैसे वाचतील" म्हणून विजेची गाडी घेणे म्हणजे ताप नसताना गोळी घेण्यासारखे. गिअर नाही, आवाज नाही, गुडघ्यांना बरे, म्हणून घेतली तर ती वेगळी गोष्ट.

तेरा वर्षे म्हटले की बॅटरीची धास्ती उभी राहते. बॅटरीच्या किमती पंधरा वर्षांत कमालीच्या उतरल्या आहेत. जागतिक सरासरी २०१० मध्ये एका युनिट साठवणीला हजार डॉलरच्या वर होती, ती २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आली. भारतातल्या अनेक गाड्यांत आता लोह आणि फॉस्फेटची बॅटरी असते. तिच्यात महागडे कोबाल्ट, निकेल नसते, ती उष्णता जास्त सोसते आणि तिचे आयुष्यही मोठे. बहुतेक कंपन्या आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात. बॅटरी एके दिवशी अचानक मरत नाही. वयानुसार माणसाची दमछाक वाढावी तशी तिची क्षमता हळूहळू घटते. विदर्भातला उन्हाळा आणि रोजचे जलद चार्जिंग ती घट लवकर आणतात. गाडी जुन्या बाजारात विकायला नेली की घेणारा हाच प्रश्न आधी विचारतो आणि भाव पाडतो. हा तोटा हिशेबात धरण्याजोगा आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये एमजी कंपनीने विंडसर ही गाडी बॅटरी वगळून ९ लाख ९९ हजारांना आणली, बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये. त्यात विजेचे दोन-सव्वादोन मिळवले की ग्राहक पुन्हा पेट्रोलच्या सातच्या जवळ येतो. सुरुवातीचे ओझे हलके होते, बचत जवळजवळ नाहीशी होते.

पैशाच्या या हिशेबात एक रकाना रिकामाच असतो. पेट्रोल गाडीच्या धुरातून नायट्रोजन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, बेन्झिन आणि पीएम २.५ म्हणून ओळखले जाणारे सूक्ष्म कण बाहेर पडतात. हे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही लहान असतात आणि थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत जातात. त्याचे बिल गाडीवाल्याच्या नावे येत नाही. ते चौकातल्या वाहतूक पोलिसाच्या, फुलांच्या गाडीवाल्याच्या, रस्त्यालगतच्या शाळेत जाणाऱ्या दमेकरी मुलाच्या नावे येते. इनहेलर, नेब्युलायझर, बुडालेला रोज अशा रूपात. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात २०१३ ते २०१९ या काळाचा अभ्यास झाला. हजार लोकांमागे धूर न सोडणाऱ्या वीस गाड्या वाढल्या, तिथे दम्यासाठी तातडीच्या विभागात येणाऱ्यांचे प्रमाण ३.२ टक्क्यांनी घटलेले दिसले. हा दिसलेला संबंध आहे, एकामुळेच दुसरे झाले असे त्यातून सिद्ध होत नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट नोंदली गेली: कमी शिकलेल्या, गरीब वस्त्यांत अशा गाड्या फारच हळू पोहोचत होत्या.

आणि भारतात वीज येते कुठून? जवळपास तीन चतुर्थांश कोळशातून. युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर विजेच्या गाडीचा वाटा किलोमीटरला ११५ ते १२० ग्रॅम येतो. पेट्रोल गाडीचा १५० च्या थोडा वर. फरक आहे, पण जाहिरातीतल्या हिरव्या पानाइतका नाही, आणि बॅटरी बनवतानाचा खर्च यात धरलेला नाही. पुण्याच्या रस्त्यावरून नाहीशा झालेल्या धुराचा काही भाग चंद्रपूर आणि कोराडीच्या चिमण्यांतून बाहेर पडतो. टायरची धूळ तर दोन्ही गाड्यांची; विजेची गाडी वजनदार म्हणून तिची किंचित जास्तच. शिवाय २०२० नंतरची बीएस-६ पेट्रोल गाडी ही शहरातल्या हवेची पहिली गुन्हेगार नव्हे. जुने डिझेल ट्रक आणि टेम्पो तिच्या कितीतरी पुढे आहेत.

त्यामुळे केंद्राने पीएम ई-ड्राइव्ह योजनेतल्या १०,९०० कोटींमधून खासगी मोटारींना काही न देता ४,३९१ कोटी विजेच्या बससाठी ठेवले, हे आरोग्याच्या नजरेने योग्यच झाले. दिवसभर धावणाऱ्या वाहनाचा धूर जितका जास्त, तितकी त्याची बचतही मोठी. दिवसाला १२० किलोमीटर फिरणाऱ्या टॅक्सीला वरचाच ढोबळ हिशेब लावला, तर ७८ हजारांचा टप्पा दोन वर्षांत येतो. पण टॅक्सीवाला राहतो चाळीत किंवा झोपडपट्टीत आणि गाडी लावतो रस्त्याच्या कडेला. त्याच्या गाडीला घरचा प्लग मिळत नाही. त्याला सार्वजनिक जलद चार्जरवर युनिटला वीस ते पंचवीस रुपये मोजावे लागतात, बचत किलोमीटरला सव्वातीन रुपयांवर येते आणि वसुलीचा आकडा १ लाख १५ हजार किलोमीटरवर जातो. दोन वर्षांची तीन वर्षे होतात, आणि चार्जरपुढच्या रांगेत जाणारे तास त्यात मोजलेले नाहीत.