चेस्टर हाइम्स : रहस्यकथेतला विद्रोह आणि समीक्षेची दृष्टी

एखाद्या लेखकाने काय लिहिले, एवढे नोंदवून वाङ्मयेतिहास पुरा होत नाही. ते कोणी छापले, कोणी कापले, कोणत्या नावाने विकले आणि कोणी नाकारले, हेही नोंदवावे लागते. दलित साहित्याच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कादंबरीकार चेस्टर हाइम्स (१९०९–१९८४) याच्या बाबतीत तर ही नोंद म्हणजेच अर्धी समीक्षा आहे.

हाइम्सचा जन्म मिसूरी राज्यातील जेफर्सन सिटीचा. वडील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत हस्तव्यवसाय शिकवीत. घर शिकलेले होते, पण शिक्षणाने वर्णभेद चुकला नाही. रसायनाच्या प्रयोगात स्फोट होऊन थोरल्या भावाचे डोळे जखमी झाले, तेव्हा गोऱ्यांच्या इस्पितळाने त्याला दारातूनच परत पाठवले. ही आठवण हाइम्सला जन्मभर सुटली नाही. १९२८ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, सशस्त्र दरोड्याबद्दल त्याला वीस ते पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. १९३० साली ओहायोच्या त्या तुरुंगाला आग लागून तीनशेहून अधिक कैदी मेले. हाइम्स वाचला आणि लिहू लागला. १९३४ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकाने त्याची कथा छापली. लेखकाच्या नावाच्या जागी फक्त कैदी क्रमांक होता : ५९६२३. १९३६ मध्ये तो सुटला.

त्याच्या लेखनाचा पहिला कालखंड निषेधाच्या कादंबऱ्यांचा. ‘इफ ही हॉलर्स लेट हिम गो’ (१९४५) ही लॉस एंजेलिसच्या जहाज कारखान्यात काम करणाऱ्या काळ्या कामगाराची चार-पाच दिवसांची गोष्ट. युद्ध लोकशाहीसाठी चालले होते, आणि त्याच युद्धाच्या कारखान्यात काळ्याला माणूस म्हणून उभे राहता येत नव्हते. ‘लोनली क्रुसेड’ (१९४७) मध्ये त्याने कामगार संघटना, भांडवलदार आणि कम्युनिस्ट, कोणालाच सोडले नाही. परिणामी डाव्यांनी तिच्यावर झोड उठवली आणि इतरांनीही तिला जवळ केले नाही. तुरुंगावरची ‘कास्ट द फर्स्ट स्टोन’ (१९५२) प्रकाशकाने इतकी कापली, की मूळ संहिता वेगळ्या नावाने बाहेर यायला १९९८ साल उजाडले. तेव्हा लेखक हयात नव्हता.

१९५३ मध्ये हाइम्सने देश सोडला. पॅरिसला गालीमार प्रकाशनाच्या ‘सेरी न्वार’ या गुन्हेकथांच्या मालिकेचे संपादक मार्सेल द्युआमेल यांनी त्याला रहस्यकथा लिहायला लावले. पैशांची गरज होती, म्हणून त्याने लिहिले. ‘फॉर लव्ह ऑफ इमाबेल’ (१९५७) ही पुढे ‘अ रेज इन हार्लेम’ म्हणून ओळखली गेली. तिच्या फ्रेंच अवताराला १९५८ मध्ये फ्रान्सचे गुन्हेकथेचे मोठे पारितोषिक मिळाले. ‘कॉटन कम्स टू हार्लेम’ फ्रेंचमध्ये १९६४ ला निघाली, इंग्रजीत १९६५ ला. ‘द हीट्स ऑन’ फ्रेंचमध्ये १९६१ ला निघाली आणि इंग्रजीत यायला १९६६ उजाडले. म्हणजे स्वभाषेतल्या वाचकाआधी परक्या भाषेने त्याला वाचले.

या कादंबऱ्यांचे नायक कॉफिन एड जॉन्सन आणि ग्रेव्ह डिगर जोन्स हे हार्लेमचे दोन काळे पोलिस. नेहमीच्या रहस्यकथेत गुन्हेगार सापडला की जग पुन्हा सुरळीत होते. हाइम्सच्या जगात सुरळीत असे काही नसतेच. कायदा गोऱ्यांचा, वस्ती काळ्यांची, आणि मधे पिस्तूल घेऊन उभे असलेले हे दोघे. ‘कॉटन’मध्ये आफ्रिकेला परत नेण्याच्या नावाखाली ८७ कुटुंबांकडून प्रत्येकी हजार डॉलर उकळले जातात. लुबाडणारा काळाच आहे. पण त्याला फसवायला जी आशा सापडते, ती कोणी निर्माण केली, हा प्रश्न वाचकापुढे उरतो. ‘ब्लाइंड मॅन विथ अ पिस्टल’ (१९६९) मध्ये तर मूळ गुन्ह्याचा उलगडाच होत नाही. शेवटी एक आंधळा माणूस भुयारी रेल्वेत गोळ्या झाडत सुटतो. दिशाहीन हिंसेचे याहून कठोर चित्र कोणते?

अमेरिकेत ही पुस्तके स्वस्त कागदी आवृत्त्यांत निघाली. स्वस्त पुस्तकाची गंभीर दखल कोण घेणार? शिवाय, यात काळी माणसे लबाड आणि रक्तपिपासू दिसतात, असाही आक्षेप आला. तो निराधार नाही. स्त्रियांच्या चित्रणाबद्दल तर तो अधिक खरा आहे. मात्र हे हार्लेम आपल्या मनातले आहे, वास्तवाची नोंद नव्हे, असे हाइम्सने स्वतःच म्हटले होते. १९७० मध्ये जॉन ए. विल्यम्स यांची त्याच्याशी झालेली दीर्घ मुलाखत प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ‘कॉटन’वर चित्रपट निघाला. १९७६ मध्ये मिलिकन व लुंडक्विस्ट यांचे स्वतंत्र समीक्षाग्रंथ आले. १९९२ मध्ये फाब्र, स्किनर आणि सलिव्हन यांनी त्याच्या लेखनाची व त्यावरील लेखनाची सटीप सूची केली. नावे बदललेली, भाषा बदललेली, कापलेली पुस्तके तिथे एका जागी आली. लॉरेन्स जॅक्सन यांचे चरित्र २०१७ चे.

डॉ. म. ना. वानखडे आणि जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याची मराठी वाचकाला ओळख करून दिली. त्या ओळखीतून आपण विद्रोहाची भाषा घेतली. आता सूचीची शिस्तही घ्यायला हवी. आपल्या किती लेखकांच्या पहिल्या आवृत्त्या, नियतकालिकांत विखुरलेल्या कथा, त्यांवरचे अनुकूल-प्रतिकूल अभिप्राय आज एका जागी सापडतात? जे नोंदवले जात नाही, ते पुढच्या पिढीच्या लेखी लिहिलेच गेलेले नसते. हाइम्सची सूची करणाऱ्यांनी त्याला पहिल्या ओळीत आपले पूर्ण नाव परत दिले. ५९६२३ हा आकडा आता फक्त तळटीप आहे.