धानाच्या मुलखात तांदूळ विकत

ताटातला भाव : भाग 6

तांदूळ महागला की धान पिकवणाऱ्या मुलखाचं भलंच होणार, असं दुरून वाटतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्णा तालुक्यात मात्र रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या कितीतरी बायांच्या घरचा धान तेव्हा संपत आलेला असतो. दुसऱ्याच्या बांधीत धान लावायचा आणि मजुरीच्या पैशातून तांदूळ आणायचा, असे ते दोन महिने.

अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी 1989 मध्ये थायलंडच्या भाताचा अभ्यास करताना साधा प्रश्न धरला होता : हे कुटुंब वर्षाकाठी तांदूळ विकतं जास्त, की घेतं जास्त? तिथल्या खेड्यांना भाववाढीचा फायदा होतो, सर्वाधिक मधल्या थराला, असं त्यांना आढळलं. पोंभुर्ण्यातल्या एक-दोन एकरवाल्याचं गणित वेगळं पडतं. धान घरात येतो तेव्हा कृषी केंद्राची उधारी आणि सोसायटीचं कर्ज दारात उभं असतं. 2024-25 च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2300 रुपये होता. पण खरेदी केंद्रावर नंबर लागून चुकारा हाती येईपर्यंत ज्याला थांबता येत नाही, तो व्यापारी देईल त्या भावाला विकतो. पावसाळ्यात तोच माणूस चढ्या भावानं तांदूळ घेतो. म्हणजे भाव पडलेला असताना तो विकणारा आणि चढलेला असताना घेणारा. राज्य सरकारनं त्या हंगामासाठी दिलेली हेक्टरी 20,000 रुपयांची प्रोत्साहन राशी (मर्यादा दोन हेक्टर) जमिनीच्या हिशेबानं मिळाली. ज्याला जमीनच नाही, त्याच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही.

मग राशन? त्याचा आधार खरा आहे, आणि मोठा आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कार्डाला 35 किलो धान्य मिळतं. जानेवारी 2023 पासून तेही फुकट. पण पाच माणसांचं घर धरा. राशन 25 किलो. अंगमेहनत करणारं घर दिवसाला दोन किलो धान्य सहज खातं, म्हणजे महिन्याला 60 किलो. उरलेले 35 किलो विकतचे. किलोमागे 10 रुपये वाढले तर महिन्याला 350 रुपये जास्त लागतात. 2024-25 मध्ये रोजगार हमीची मजुरी राज्यात दिवसाला 297 रुपये होती. भावातली ही वाढ एका दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त खाऊन जाते.

मजुरी वाढत नाही असं नाही, ती उशिरा वाढते. अर्थशास्त्रज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन यांनी बांगलादेशातल्या शेतमजुरांबद्दल 1990 मध्ये हेच दाखवलं. मजुरी भावाच्या मागे धावते आणि मधल्या काळात गरीब घर खचतं. 1943 च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल अमर्त्य सेन यांनी मांडलेली गोष्टही याच जातीची. तिथे सगळ्यात आधी भरडले गेले ते शेतमजूर आणि कोळी, कारण त्यांना तांदूळ विकत घ्यायचा होता आणि त्यांच्या कमाईची किंमत तांदळापुढे कोसळली होती.

आणि घर काही नुसत्या भातावर चालत नाही. देशाला लागणारं निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, एप्रिलअखेर इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात थांबवली, आणि त्याची झळ खेड्यातल्या किराणा दुकानापर्यंत आली. तूरडाळ महागली की आधी ती पातळ होते, मग आठवड्यातून दोनदाच होते. भात तेवढाच राहतो, म्हणून उपासमार दिसत नाही. ताटातून प्रथिनं मात्र जातात. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, उभ्या धानात पेरतात ती लाखोळी गरिबाची डाळ. महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून तीच खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा धोका असतो. राज्यात तिच्या विक्रीवर अनेक वर्षं बंदी होती, ती 2008 मध्ये उठली.

जुलै 2023 मध्ये केंद्रानं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. सप्टेंबर 2024 मध्ये ती पुन्हा सुरू झाली. देशातला भाव आवरावा हा हेतू होता, पण आफ्रिकेतल्या ज्या देशांची चूल भारताच्या तांदळावर पेटते, तिथल्या गरिबांना त्याची झळ लागली. इथल्या विकणाऱ्यालाही बाहेरच्या चढ्या भावाचा लाभ मिळाला नाही. एकाच निर्णयाचे हे परिणाम तपासताना विकणारा आणि घेणारा अशी दोन माणसं समोर धरली जातात. पोंभुर्ण्यातल्या लहान शेतकऱ्याच्या घरात ती दोन्ही एकच असतात.

(पुढील भागात : तेलंगणात मिरची तोडायला गेलेल्या कुटुंबाचं राशनकार्ड)